बावीस लाल कुलपं

सोलर साईट, ब्लॉक सात,
पोखरणच्या पुढे, जि. जैसलमेर
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,

धाकट्याचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र सावित्रीबाईंच्या पत्त्यावर टाकतोय. खालच्या मजल्यावर आधी त्यांच्याच हातात पडेल, दाजींच्या नाही. माझं अक्षर बघून हसू नकोस. सातवी सुटल्यापासून पेन फक्त हजेरीवर सही करायला धरलंय.

फोन करता आला असता. मागच्या महिन्यात सावित्रीबाईंच्या फोनवर केलाच होता. पण फोनवर तू सगळं बरं आहे म्हणतेस आणि उलट मलाच विचारतेस की जेवलास का. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही. आई गेली तेव्हा मामाला तू लिहिलेलं पत्र मी चोरून वाचलं होतं, तेव्हापासून मला हे माहीत आहे. म्हणून आता पत्रच लिही.

माझा दोस्त भीमराज भेटला होता म्हणे तुला. टेम्पो घेऊन रोज चाकणला जातो-येतो, मोरवाडी चौकात कंपनीच्या बसची वाट बघताना तू त्याला दिसलीस. ओठ फाटलेला होता आणि तू पदर धरून उभी होतीस, असं त्यानं सांगितलं. तुझा फोनसुद्धा फुटलाय, तोही दाजींनीच फोडला म्हणाला. ताई, मी काय समजायचं ते समजलो. दाजींचा हात कोपरापासून उलटा फिरवायला मला पाच मिनिटं पुरतील. चौदाशे किलोमीटरवर आहे म्हणून ते वाचलेत.

माझं म्हणशील तर बढती झाली. पॅनेल धुवायचं काम सुटलं, त्याला आता मशीन आलं. मला तारेच्या पार्टीत घेतलं. खाकी जॅकेट, बूट, आणि पाच फुटी वेळूची काठी, तिला खाली लोखंडी टोपण. जिकडं बघावं तिकडं काच पसरलीय, आणि गावच्या बायका शेळ्या घेऊन तारेच्या आत घुसतात. चराईची जमीन त्यांची होती म्हणतात. त्यांना हाकलायचं, हे आमचं काम. तू तिकडं बॅटऱ्या बांधतेस, मी इकडं उन्हाची राखण करतो. आपल्या घरात विजेचं खातंच आलं, राव. आबा असते तर गल्लीत पेढे वाटले असते.

माया आहे तेवढी राहू दे आणि खरं काय ते लिही.

तुझा,
आयुष


मिलिंदनगर, पिंपरी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. आयुष यास,

ताईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, पण ‘बढती’ तू दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलीस, त्याला हसले.

खरं लिही म्हणालास, तर लिहिते. तुझे दाजी पहिल्यापासून असे नव्हते, हे आधी लिहिते, कारण ते तू विसरशील. चौदा वर्षं ते भोसरीत इंजिनाचे पिस्टन करत होते. ऑगस्टमध्ये त्यांच्या दोन लाइन बंद झाल्या, डिझेलच्या गाड्या कमी झाल्या म्हणून. एका दिवसात साठ जणांना घरी पाठवलं. त्याच आठवड्यात माझं नाव चाकणच्या बॅटरी लाइनला लागलं. कासारवाडीच्या आयटीआयचं माझं सर्टिफिकेट बारा वर्षं पेटीच्या तळाला होतं, ते यांनीच शोधून काढलं. पहिला महिनाभर माझा डबासुद्धा यांनी भरला. मग गल्लीत कोणी म्हणालं, धम्मपाल, तुझं इंजिन तुझ्या बायकोच्या बॅटरीनं खाल्लं. लोक हसले. हे पण हसले, आणि घरी येऊन ताट भिंतीवर मारलं.

आमच्याकडे अंगावर धातू चालत नाही. पॅकमध्ये चारशे व्होल्ट असतात, एखादी बांगडी आत टेकली तर हात उरत नाही. जोडवी, मंगळसूत्र, केसातली पिन, सगळं लॉकरमध्ये काढून ठेवायचं. एकदा घाईत तशीच घरी आले. लग्नात यांनीच सांगितलं होतं की आपल्याला असल्या खुणा लागत नाहीत, सासूबाईंच्या हट्टापायी ते घातलं. त्या दिवशी मात्र मोकळा गळा बघून विचारलं की तिकडं कोणासाठी उतरवतेस. मला खरंच हसू आलं. पहिली थोबाडीत तेव्हा बसली. त्यानंतर मोजलेल्या नाहीत. फोन वरवंट्यानं फोडला. गेल्या रविवारी मी दाराच्या चौकटीला हात धरून उभी होते, तर यांनी बघून-सवरून दार लावलं. डाव्या हाताची तीन नखं गेली. बोटं गेली तर लाइन गेली, हे त्यांना बरोबर माहीत आहे.

आता माझं काय अडलंय ते ऐक. लाइनवर आम्ही बावीसजणी आहोत. काम पुरुषांचं तेच आमचं, पण त्यांच्या कार्डावर टेक्निशियन आणि आमच्या कार्डावर हेल्पर. नेहा नावाची आहे आमच्यात, लाइन चालू झाली त्या दिवसापासूनची. निम्म्या पुरुषांना तिनंच शिकवलं, तीसुद्धा हेल्पर. सहा महिने ती ऑफिसच्या पायऱ्या चढत राहिली, तेव्हा कंपनी परीक्षा घ्यायला तयार झाली. पंधरा मार्चला आहे. पास होईल तिला चारशे व्होल्टवर काम करायचं कार्ड, आणि ती कायम. मला ते कार्ड हवंय, आयुष. दुसरं काही नको.

म्हणून तू काही करू नकोस. हे रोज शिफ्ट सुटताना गेटसमोर चहाच्या टपरीवर येऊन उभे राहतात, मी कोणाशी बोलते ते बघतात. बघू देत. पंधरा तारखेपर्यंत मला शांतता लागते.

आणि त्या काठीचं मला कळलं नाही. कोणाला लावतोस ती, नीट लिही.

तब्येत सांभाळ, पाणी पीत जा. आठवण काढत जा, पण डोकं थंड ठेवून.

तुझी,
ताई


सोलर साईट, ब्लॉक सात
२७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,

धाकट्याचा जयभीम. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. नखांचं वाचलं आणि पाण्याच्या ड्रमला लाथ घातली. ड्रम भरलेला होता. पाऊल सुजलंय.

काठीचं विचारलंस, तर सांगतो. चोवीस तारखेला आठव्या ब्लॉकची जमीन साफ करायची होती. तिथं खेजडीची जुनी झाडं आहेत. जेसीबी आला तर गावच्या चाळीसेक बायका झाडांना मिठ्या मारून बसल्या. पुरुष सगळे मागं, टेकाडावर. ठेकेदार म्हणाला, बायकांवर पोलीस हात टाकत नाहीत म्हणून गाव बायकांना पुढं करतं, तर आपण त्यांना हिसका दाखवायचा. आधी आम्ही ओढून बघितलं. एकीनं माझ्या दंडाला चावा घेतला, दात अजून उमटलेले आहेत. मग काठ्या चालल्या.

एक म्हातारी होती, सुगनीदेवी म्हणून. तिनं माझ्या काठीचं दुसरं टोक धरलं आणि सोडेना. बोलत होती काहीतरी, मला कळत नव्हतं, सारखं माझ्या तोंडाकडं बघून एकच विचारत होती. मी हिसका दिला, ती पडली, तरी पकड सुटेना. तेव्हा मी काठी सोडवून घेतली आणि एक मारली. मनगटाच्या वर बसली. आवाज आला. जेसीबी चालू होता तरी मला आवाज आला. त्यानंतर बाकीच्या आपोआप उठल्या. त्या आधीच सरकल्या असत्या तर कोणालाच लागलं नसतं. ठेकेदारानं माझी पाठ थोपटली, मेसमध्ये मटण झालं. मला काही ते गेलं नाही, पण ते पावलाच्या दुखण्यामुळं असेल.

आता दाजींचं. तू काही करू नको म्हणालीस, पण मी कुठं काय करतोय. मी इथं आहे. भीमराजला सांगितलंय, समज द्यायची. आणि हे पण सांगितलंय की गल्लीत नको, गेटवरच, शिफ्ट सुटताना, तुझ्या डोळ्यांसमोर आणि त्या बाकीच्या एकवीसजणींसमोर. सगळ्यांना कळू दे की आम्रपालीच्या मागं माणूस आहे. तुला आई-बाप नाहीत म्हणून कोणीही दारात बोटं चिरडायची का. परीक्षेला तू हसत जाशील बघ.

अभ्यास कर. माझ्यावर जीव आहे तो राहू दे.

तुझा,
आयुष


मिलिंदनगर, पिंपरी
१० मार्च २०२५

आयुष यास,

जयभीम. तुझं पत्र चार दिवस आधी आलं असतं तर मी भीमराजच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडले असते. ते परवा, आठ तारखेला आलं. तुझा माणूस सात तारखेलाच येऊन गेला होता.

साडेतीनला शिफ्ट सुटली. गेटवर महिला दिनाचा बॅनर लावला होता, त्यावर नेहाचाच फोटो, हातमोजे घातलेला. हे टपरीवर उभे होते. भीमराज आणि आणखी दोघे टेम्पोतून उतरले. भीमराजच्या हातात जॅकचा दांडा होता. बोलाचाली काही झालीच नाही. पहिला फटका गुडघ्यावर. वाटी फुटली, आयुष. माणूस ओरडला तर निदान ओरडल्यासारखं ओरडतो, यांच्या तोंडातून तसलं काही आलं नाही. ते सरपटत टेम्पोखाली जायला बघत होते आणि त्या दोघांनी पाय धरून बाहेर ओढलं. दुसरा पाठीवर, तिसरा बरगडीत. मी जाऊन अंगावर पडले. चौथा माझ्या भुवईवर बसला. वायसीएममध्ये सात टाके घातले. भीमराज संस्कारी मुलगा आहे तुझा. मला लागल्यावर थांबला आणि म्हणाला की ताई, तुम्ही बाजूला व्हा, आयुषनं सांगितलंय. मोठ्यानं म्हणाला. अख्ख्या गेटनं ऐकलं. मग तिघं टेम्पोत बसून आंबेठाण चौकाकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं माझा पास काढून घेतला. तेवढ्यावर भागलं नाही. बावीसच्या बावीसजणींची परीक्षा रद्द. पुरुषांची होणार आहे, ठरल्या दिवशी. मॅनेजर म्हणाला की बायकांना बॅटरीवर घेतलं की त्यांची घरं गेटवर येतात, हे तो पहिल्यापासून सांगत होता. त्याला एवढंच हवं होतं, ते तू चौदाशे किलोमीटरवरून आणून दिलंस.

काल आमच्या लाइनवरच्या दोघी दारात आल्या. एकीनं शिव्या दिल्या, दुसरीनं दगड मारला. खिडकीची काच गेली. मी काचा वेचत बसले. दगड मारणारीचा नवरा भोसरीतून यांच्याच दिवशी कमी झालाय, तिच्या त्या एका कार्डावर घरातली पाच माणसं टांगलेली आहेत.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की त्या बायका सरकल्या असत्या तर लागलं नसतं. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. तुझे दाजी रोज म्हणतात की तू गप्प बसली असतीस तर माझा हात उठला नसता. मी दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघितली. एकाच माणसाची वाटतात.

त्या बाईच्या हाताचं पुढं काय झालं, ते तू लिहिलं नाहीस. मटणाचं लिहिलंस.

माझ्या मागं माणूस आहे हे गेटवरच्या सगळ्यांना कळलं. आता माझ्या पुढं काही उरलेलं नाही.

आम्रपाली


सोलर साईट, ब्लॉक सात
१७ मार्च २०२५

आदरणीय ताईस,

जयभीम. वि. वि. तू खाली ताई न लिहिता नाव लिहिलंस. ते मी आधी बघितलं, पत्र नंतर वाचलं.

पहिले दोन दिवस मला तुझाच राग आला, खोटं कशाला लिहू. म्हणलं, हिच्यासाठी करायला जावं तर हीच त्याच्या अंगावर जाऊन पडते. राहायच्या कंटेनरमध्ये मेसच्या महाराजशी, म्हणजे आमच्या स्वयंपाक्याशी, भांडण काढलं, त्याच्या नाकातून रक्त काढलं. तो बिचारा पोळ्या मोजत होता. नंतर बसून राहिलो. भीमराजला शंभर फोन केले, बंद आहे. सातारा बाजूला पळालाय म्हणतात.

म्हातारीच्या हाताची चौकशी करून आलो. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात दोनदा बसवलं, दोनदा सरकलं. बोटं वळत नाहीत. शेळ्यांची धार ती काढायची, आता सून काढते. आणि एक कळलं, ती त्या दिवशी सारखं जे विचारत होती ना, ते असं की तुला कोणी वाढवलं. हे मला तिकडच्या ड्रायव्हरनं समजावून सांगितलं. ताई, मी त्याला म्हणलं काय माहीत, आणि तिथून निघून आलो.

इथं आता केस झालीय. गावानं तक्रार टाकली. ठेकेदारानं आम्हा सगळ्यांना बोलावून कागद वाचून दाखवला. बायकांनी आधी दगडफेक केली, त्या पळताना पडल्या, त्यात एकीला लागलं, असं त्यावर आहे. खाली सह्या. अकराजणांनी केल्या. मी सांगितलं की हाताला लचक आलीय, नंतर करतो. तो हसला आणि म्हणाला की डाव्या हाताचा अंगठा दे. मी दिला नाही. बाकीचे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. काल माझ्या बुटात कोणीतरी काचा टाकल्या.

मी येऊ का. त्या मॅनेजरच्या पाया पडतो. तू सांगशील त्याच्या पाया पडतो, दाजींच्यासुद्धा. परीक्षा परत कशानं लागेल तेवढं सांग, मी ते करतो. न विचारता काही करणार नाही.

लोभाचं मी काय लिहू. असेल तर असू दे.

आयुष


मिलिंदनगर, पिंपरी
२९ मार्च २०२५

चि. आयुष यास,

जयभीम. तू यायची किंवा कोणाच्या पाया पडायची गरज लागली नाही. झालं ते क्रमानं सांगते, कारण शेवटी तुझं नाव येणार आहे.

तेवीस तारखेला, रविवारी, नेहा घरी आली. चहा घेतला नाही. तिनं एकच विचारलं की माझ्या कुलपाची किल्ली अजून माझ्याकडे आहे का. तुला हे माहीत नसेल. लाइनच्या आत शिरून साफसफाई करायची असते तेव्हा मेन स्विच बंद करतात आणि आत जाणारा प्रत्येकजण त्यावर आपलं लाल कुलूप लावतो. त्यावर नाव आणि फोटो असतो. जिचं कुलूप तिनंच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत करंट सुरू होत नाही, कारण आत कोणीतरी असू शकतं. कंपनीनंच भिंतीवर लिहिलंय, दुसऱ्याचं कुलूप तोडणारा त्याच दिवशी घरी. माझा पास त्यांनी घेतला, किल्ली मागायची राहून गेली. कुलूप आत ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या पर्समध्ये.

नेहा म्हणाली की उद्या आम्ही एकवीस लावणार, आणि बाविसावं तुझं. पण एक अट आहे. कंपनी म्हणते हे बायकांचं घरगुती भांडण आहे. ते तसं नाही, हे पोलिसांच्या कागदावर नावांसकट यायला हवं. नवऱ्याचं नाव, मारणाऱ्यांची नावं आणि पाठवणाऱ्याचं नाव. तू भावाला लपवलंस तर आम्ही तुझं कुलूप लावणार नाही.

मी तुझी पत्रं काढून परत वाचत बसले. तीही बसून राहिली. मग आम्ही दोघी चौकीत गेलो. तुझ्या दाजींचं नाव दिलं, बोटांसाठी आणि ओठासाठी. भीमराजचं दिलं. आणि तुझं दिलं, आडनावासकट, साईटच्या पत्त्यासकट. तुझी फेब्रुवारीतली दोन्ही पत्रं जोडली. हवालदारानं दोनदा विचारलं की सख्खा भाऊ का. तुझं नाव पहिल्यांदा पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं तुझ्याकडून, त्यामुळं ते लिहिताना माझा हात चुकला नाही.

सोमवारी साफसफाईला लाइन बंद झाली आणि बावीस कुलपं लागली. दुपारी लाइन चालू करायची वेळ झाली, एकीनंही काढलं नाही. फोरमननं कोंडाजीला बोलावलं, आमचा जुना इलेक्ट्रिशियन, रिटायरला वर्ष राहिलंय. कटर त्याच्या हातात दिला. त्यानं भिंतीवरची पाटी वाचली, मोठ्यानं, अडखळत, आणि कटर खाली ठेवून बाकड्यावर जाऊन बसला. मग कंपनीच्या ठेकेदाराचे चार बाउन्सर आले. बायका स्विचभोवती हातात हात अडकवून उभ्या होत्या. त्यांना केसांना धरून ओढलं. एकीचा खांदा निखळला. दगड मारणारी जी होती ना, तिनं एकाच्या तोंडावर हेल्मेट मारलं, त्याचे दोन दात पडले. चौथा कटर घेऊन कुलपांशी पोचला तेव्हा नेहानं कुलपांवर हात ठेवला. त्यानं हात बघितला. बघून दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं, मधल्या पेरापासून.

आयुष, मी तिथं नव्हते, मी गेटबाहेर किल्ली मुठीत धरून उभी होते. आतून आवाज आला आणि मग सगळं शांत झालं. तुटलं ते एकच कुलूप, नेहाचं. रक्त स्विचवरून खाली फरशीवर गेलं. बाउन्सरच पळाले. नेहानं तुटलेल्या कुलपाच्या जागी डावा हात अडकवला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तशीच उभी राहिली.

दोन दिवस लाइन बंद. बाहेर अंगणात बॅटरीविना गाड्या लागत गेल्या. बुधवारी लेबर ऑफिसमधून मॅडम आल्या, पोलीस आले, आणि कंपनीनं मला आत बोलावलं, कारण माझं कुलूप माझ्याशिवाय निघत नव्हतं. मी सांगितलं की आधी परीक्षेची तारीख लिहून द्या, सगळ्यांच्या. मॅनेजरनं दिली. मग मी शेवटचं कुलूप काढलं. काल परीक्षा झाली. सतराजणी पास, त्यात मी आहे. मेडिकल वगैरे होऊन सतरा एप्रिलला, गुरुवारी, पहिली शिफ्ट. कार्डावर टेक्निशियन. नेहाला परीक्षेला बसता आलं नाही. मी पेपर लिहिताना तिची खुर्ची माझ्या पुढं रिकामी होती. त्या कार्डाचा आनंद कसा मानायचा ते मला अजून कळलेलं नाही.

तुझे दाजी तळेगावला नणंदेकडं आहेत, पायाला प्लास्टर. माझ्या दारात यायचं नाही, असं लिहून घेतलंय.

तुला पोलिसांचं बोलावणं येईल. पळायचं असेल तर पळ, पण मग पत्र टाकू नकोस. त्या कागदावर सही केलीस तरी टाकू नकोस. सुगनीदेवीला मी कधी बघितलेलं नाही. पण तिनं विचारलं त्याचं उत्तर मला द्यावं लागतं, तुला नाही. तुला मी वाढवलं.

तुझी,
ताई


पोखरण
६ एप्रिल २०२५

आदरणीय ताईस,

धाकट्याचा जयभीम. वि. वि. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आहे, डाव्या हातानं लिहितोय. तुझं पत्र मेसच्या महाराजनं लपवून आणून दिलं, ज्याचं नाक मी फोडलं होतं त्यानंच. आता मी साईटवर नाही, एका धर्मशाळेच्या व्हरांड्यात आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच मी सही करणार नाही असं सांगून बसलो होतो. हे फुशारकी म्हणून लिहीत नाही. एक तारखेला तहसीलमध्ये सगळ्यांना उभं केलं, अकराजणांनी घोकल्यासारखं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणलं की दगड कोणी मारले नाहीत. काठी माझी होती आणि ती पडल्यावर मी मारलं. साहेबानं विचारलं, पडल्यावर का. मी परत सांगितलं, पडल्यावर. त्यानं लिहून घेतलं.

साईटवर परतल्यावर कंटेनरचं दार लावलं आणि मारलं. आमचेच, ज्यांच्याबरोबर रोज जेवायला बसायचो ते. त्याच काठ्या. डोक्यावर मारू नका असं कोणीतरी ओरडत होतं, म्हणजे माणसं वाईट नव्हती. उजवं मनगट गेलं, दोन बरगड्या गेल्या, एका कानाला ऐकू येत नाही. मी पडलो तरी थांबले नाहीत. पडल्यावर किती लागतं हे मला माहीत नव्हतं, ताई. उभ्यानं खाल्लेला मार वेगळा असतो. खाली पडल्यावर बूट दिसतात फक्त. तू किती वेळा बूट बघितलेस, ते मला विचारायचं होतं, पण ते तू लिहू नकोस. हायवेवर टाकून गेले. दुधाच्या गाडीवाल्यानं इथं आणून सोडलं.

परवा सुगनीदेवीच्या वस्तीवर गेलो. सुनेनं तोंडावर मूठभर वाळू मारली आणि बाकीच्या बायकांना हाक मारली. दोन-चार रट्टे बसले, त्यांचा हक्क होता. मग म्हातारीनं मला उन्हातच बसवलं. तिनं माफ वगैरे केलं नाही. स्वतःचा हात पुढं करून कुठून कुठं ठणकतं ते डाव्या बोटानं दाखवलं, सावकाश, मला कळेपर्यंत. मग माझं पूर्ण नाव विचारलं आणि सुनेकडून लिहून घेतलं, केसमध्ये द्यायला. दोन राज्यांच्या पोलिसांकडं माझं नाव आता बायकांनीच पोचवलंय.

तू माझं नाव दिलंस त्याचा राग नाही. आला होता, एक दिवस. मग नेहाताईंचा हात डोळ्यांपुढं आला. त्यांना माझा जयभीम सांग. नको, सांगू नकोस. मी स्वतः कधीतरी सांगेन, त्यांनी ऐकून घेतलं तर.

इथला जबाब पंधरा तारखेला पुरा होतोय, म्हणजे यंदा चौदाच्या जयंतीला मी पिंपरीत नसेन. त्यानंतर निघतो. सतराला सकाळी पुण्यात उतरून थेट चौकीत जाणार. आधी घरी येणार नाही, दाजींकडं जाणार नाही, भीमराजला शोधणार नाही. चौकीत सांगायचं ते सांगतो. ठेवून घेतलं तर राहतो.

तू मला बघायला येऊ नकोस. तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच लिहितोय. गुरुवारी तुझी बस मोरवाडीवरून सहाला सुटते. पहिल्याच दिवशी कार्डावर खाडा पडायला नको.

तुझा,
आयुष